गर्दीतली गाठवाली

माझं काम चुका काढण्याचं. बाकीचे लोक हे काम फुकटात करतात, मला त्याचा पगार मिळतो एवढाच फरक. आमच्या स्टुडिओत अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांची चित्रं काढली जातात. कथा, पात्रं, महत्त्वाची चित्रं मुख्य स्टुडिओतून येतात आणि मधली हजारो चित्रं आम्ही भरतो. अकराव्या चित्रात नायकाचं घड्याळ डाव्या मनगटावरून उजव्यावर गेलं, कोटाचं एखादं बटण गळालं, हाताला सहावं बोट फुटलं, की ते माझ्या तावडीत सापडतं. वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून मी हेच करत आले. मला सगळे तपासबाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

गर्दीकाका माझ्या समोरच्या टेबलावर बसतात. काचेचं टेबल, काचेखाली दिवा, दिव्यावर कागद, कागदावर ओणवलेले काका. शर्टाच्या बाह्या वर सरकू नयेत म्हणून मनगटाला रबरबँड, आणि करंगळीची कड शिशाने कायमची काळी चकचकीत. नायक-नायिका काढायला आमच्याकडे नाव कमावलेले हात आहेत. काकांच्या वाट्याला उरलेले सगळे येतात: बसच्या रांगेतले, चौकातले, इस्पितळाच्या बाकांवरचे, आग बघायला जमलेले बघे. संध्याकाळी बोटं मोडत ते म्हणायचे, "आज दोनशे माणसं जन्माला घातली बाई, एकानेही आभार मानले नाहीत."

त्यांचं या कामाचं एक शास्त्र होतं. पहिल्या रांगेतल्याला पूर्ण चेहरा, दुसऱ्या रांगेतल्याला नाकाची नुसती रेघ, आणि तिसऱ्या रांगेपासून मागे कुणाला डोळेच नाहीत. नव्या माणसाने मागच्या रांगेत डोळे काढले, की काका खोडरबर पुढे करायचे. "गर्दीतल्या माणसाकडे कुणाचं लक्ष जाता कामा नये. गेलं, तर आपण नापास."

दोन वर्षांपूर्वी ती गुप्तहेरांची मालिका आमच्याकडे आली आणि काकांच्या मानेवर जू बसलं. त्या मालिकेत एक कचेरी आहे आणि तिथल्या प्रत्येक गुप्तहेराला एकेक अलौकिक शक्ती आहे. एक म्हातारा वस्तूला हात लावतो आणि त्या वस्तूने ऐकलेलं सगळं त्याला ऐकू येतं. एका बाईला खोटं बोलण्याचा वास येतो. पण सगळ्यांचा लाडका तो चष्मेवाला. एकदा फोटो पाहिला की कितीही मोठ्या गर्दीतून तो माणूस हुडकून काढणार. चष्मा उतरवला की सगळी गर्दी धूसर होते आणि हवा तो एकच चेहरा स्पष्ट राहतो. त्याबदल्यात दर वेळी त्याच्या स्वतःच्या माणसांपैकी एकाचा चेहरा तो विसरतो. म्हणजे दर भागात गर्दी आलीच, आणि तीही थोडीथोडकी नाही.

पहिल्या भागाची चित्रं बघून काकांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "असा चष्मा कुठे मिळतो का हो?" कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

काकांची मुलगी आठ वर्षांपूर्वी हरवली. एकुलती एक, घरी तिला ठकू म्हणायचे. वय एकोणीस. बापलेक मिळून एका नातेवाइकाकडे निघाले होते. स्टँडवर तिला बाकावर बसवून काका तिकिटं काढायला गेले आणि तीन मिनिटांत परत आले, तर बाकावर दुसरंच कुणी बसलेलं. भांडण नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. पोलिसांनी विचारलं, अंगात काय होतं? आणि दिवसाला दोनशे माणसांना कपडे चढवणाऱ्या या माणसाला आपल्या मुलीने त्या दिवशी काय घातलं होतं ते आठवेना. निळं असेल, हिरवंही असेल. एकच गोष्ट त्यांना पक्की आठवत होती. सकाळी निघताना तिच्या पिशवीचा पट्टा तुटला होता आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने गाठ मारून जोडला होता. पिशवी तिने डाव्या खांद्याला लावली होती. पोलिसांनी तेवढंच लिहून घेतलं.

दुसऱ्या पर्वाचा पाचवा भाग तपासताना मला काकांची चूक सापडली. रेल्वेच्या पुलावरची गर्दी, तिसरी रांग. सगळी माणसं बिनडोळ्यांची, आणि त्यांच्यात एक मुलगी डोळ्यांसकट. उजव्या कानामागे सारलेले केस, हनुवटीखाली तीळ, डाव्या खांद्यावर पिशवी आणि पट्ट्याला गाठ. मी मागचे भाग काढून बघितले. बाजारात ती होती. कोर्टाच्या पायऱ्यांवर होती. मग मला चैनच पडेना, म्हणून जुन्या मालिकांचे गठ्ठे ठेवलेलं कपाट उघडलं. सात वर्षांपूर्वीच्या खेळांच्या मालिकेत, प्रेक्षकांच्या बाकांवर, एकोणीस वर्षांची ठकू बसलेली होती. पुढच्या मालिकेत वीस-एकवीसची. मग चेहरा जरा भरलेला, मग डोळ्यांखाली किंचित थकवा. आमच्या कपाटात ती पोर दरवर्षी मोठी होत होती आणि मी, मोठी चुका काढणारी, मला पत्ताच नव्हता.

चहाच्या वेळेला मी तो कागद काकांपुढे ठेवला. ते लाजले, चोरी पकडल्यासारखे.

"हरवल्याच्या पोस्टरवरची एकोणीसचीच राहिली ना," ते म्हणाले. "आता ती सत्तावीसची असणार. लोकांनी शोधायची तर आजची शोधायला हवी. आणि ही मालिका कुठे कुठे बघतात! ती स्वतःही बघत असेल कुठेतरी. गाठ बघून तिला कळेल, बाबा अजून शोधतोय."

"आणि काकूंना माहीत आहे?"

"ती बघते की दर बुधवारी. तिला गोष्ट वगैरे काही कळत नाही. नुसती गर्दी बघते, आणि सापडली की टाळी वाजवून ओरडते, दिसली! मग आठवडाभर बरी असते."

मी कागद परत घेतला आणि सही केली. एका मुलीला डोळे असणं ही काही चूक नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. यापुढे तिच्याकडे कानाडोळा करायचा हे ठरलं.

पण गुप्तहेरांची मालिका बघणाऱ्या लोकांना कानाडोळा कसा जमणार? तिसरं पर्व सुरू झालं आणि एका बहाद्दराने नऊ भागांतली चित्रं थांबवून, बाण काढून, इंटरनेटवर टाकली. दर गर्दीत हीच मुलगी! बघता बघता लाखो लोक तिच्या मागे लागले. तिचं नाव पडलं गाठवाली. कुणी म्हणे हीच खरी खुनी, कुणी म्हणे हिला सगळ्यांच्या शक्ती एकदम मिळाल्या आहेत. तिच्या कपड्यांचा रंग दर भागात बदलतो यावर तर पानंच्या पानं लिहिली गेली. खरी गोष्ट एवढीच होती की काका रंगाची जागा मोकळी सोडायचे आणि रंगवणारी मंडळी मनाला येईल तो रंग भरायची.

काका या सगळ्याने हरखून गेले. दूरच्या कुठल्या तरी शहरातल्या एका मुलीने लिहिलं होतं की हल्ली बसची वाट बघताना मी लोकांच्या खांद्यावरच्या पिशव्या बघत बसते. ते पत्र काकांनी छापून टेबलाच्या काचेच्या कडेला चिकटवलं. "पोलिसांनी एक फाईल केली, तीही धूळ खात पडली," ते मला म्हणाले, "आणि इथे बघा बाई, अख्खं जग तिला शोधतंय." आठ वर्षांत त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

आणि मग मुख्य स्टुडिओतून विचारणा आली. ही मुलगी कोण? कुणाच्या परवानगीने काढली? आमच्या धंद्यात असल्या आगाऊपणाला एकच शिक्षा असते, टेबल रिकामं करायचं. मॅनेजरने मला बोलावून घेतलं, कारण प्रत्येक चित्रावर सही माझी होती. काकांचं टेबल गेलं, तर गर्दी गेली, आणि गर्दी गेली की काकूंचा बुधवार गेला. मी म्हटलं, उत्तर मी देते.

तिथे माझं शहाणपण नडलं. मी लिहिलं, ही चूक नाही. हा धागा आम्ही मुद्दाम सोडून ठेवला आहे, लेखकांना हवा असल्यास वापरावा. आणि सोबत यादी जोडली. कुठला भाग, कुठलं दृश्य, कितवं चित्र. ओळखीच्या खुणा: केस उजव्या कानामागे, हनुवटीखाली तीळ, गाठ डाव्या खांद्यावर. इतकी चोख यादी मी जन्मात केली नसेल. दोन दिवसांनी उत्तर आलं: उत्तम कल्पना, आभारी आहोत. काकांनी माझे दोन्ही हात धरले. मीही घरी जाऊन स्वतःची पाठ थोपटून घेतली. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागाचा आराखडा, म्हणजे प्रत्येक दृश्याचं कच्चं चित्र, आधी माझ्या हातात आला. स्टेशनवर तुडुंब गर्दी. चष्मेवाला चष्मा उतरवतो. सगळे धूसर होतात आणि गाठवाली तेवढी स्पष्ट दिसते. तो तिच्या मागे चालू लागतो. ती पुढे, तो मागे, गल्ल्या ओलांडत दोघं गावाबाहेरच्या जुन्या पाण्याच्या टाकीपाशी येतात. तिथे ती नाहीशी होते. तो टाकीचं झाकण उचलतो. आत तीच, केव्हाच मेलेली. चेहरा मात्र जसाच्या तसा, कारण अ‍ॅनिमेत काहीही चालतं. डोळे उघडे. म्हणजे इतके दिवस गर्दीत दिसत होती ती जिवंत नव्हतीच. आणि चष्मेवाला म्हणतो, "ही सगळ्यांना दिसत होती. शोधायला कुणीच आलं नाही."

खाली सूचना होती. टाकीतला चेहरा जवळून दाखवायचा आहे; तो गाठवाली काढणाऱ्या कलाकाराकडूनच काढून घ्यावा, दुसऱ्या कुणाला ती जमणार नाही.

दोन दिवस मी तो आराखडा खणात दडवला. तिसऱ्या दिवशी धीर करून काकांपुढे ठेवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला, मग पालथा घातला आणि त्यावर हात ठेवून बसले.

"तिला काय सांगू?" ते म्हणाले. काकूंविषयी बोलत होते.

"नाही म्हणून सांगा. मी मॅनेजरशी बोलते."

"मी नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी काढेल. गाठवाली मेलीच की." मग म्हणाले, "आठ वर्षांत हा शब्द मी तोंडातून काढला नाही, बाई. तिनेही नाही. आणि आता तिचा चेहरा मी माझ्या हाताने काढला, तर मीच म्हटल्यासारखं होईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्र आणून दिलं. टाकीतली मुलगी हुबेहूब मेलेली होती, पण केस डाव्या कानामागे होते. हनुवटी कोरी होती. पट्ट्याची गाठ उजव्या खांद्यावर आली होती. अशा तीन चुका एका कागदावर काका कधी करत नाहीत.

"ही दुसरीच कुणीतरी," ते म्हणाले. "असेल बिचारी कुणाची तरी."

मी सही केली. वीस वर्षांतली माझी पहिली खोटी सही, आणि मला तिची अजिबात लाज वाटली नाही.

चार दिवसांनी चित्र परत आलं. मुख्य स्टुडिओवाले चूक दुरुस्त करतात ती पातळ पिवळ्या कागदावर, आणि तो कागद मूळ चित्रावर चढवून परत पाठवतात. काकांच्या चित्रावर पिवळा कागद होता. त्यावर कान बदललेला, तीळ दिलेला, गाठ डावीकडे आणलेली. कोपऱ्यात लिहिलं होतं: भाग पाच, नऊ आणि चौदा पाहावेत. आपणच पाठवलेल्या यादीप्रमाणे.

त्या लोकांचं काही चुकलं नव्हतं. माझ्यासारख्याच कुणीतरी तिथे बसून डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं. मी कागद पाठीमागे धरला आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या चित्रकाराकडे निघाले. पण पिवळा रंग काही लपत नाही.

"इकडे आणा," काका म्हणाले.

"काका, तुम्ही नका. तो करेल, अर्ध्या तासाचं काम आहे."

"परक्याच्या हातून नको."

त्यांनी पिवळा कागद काचेवर ठेवला, वर कोरा कागद घेतला आणि दिवा लावला. तासाला वीस माणसं काढणारा माणूस त्या एका चेहऱ्यावर सबंध दुपार बसला. केस काढले, कान काढला. तीळ काढताना पेन्सिल दोनदा टोक करून घेतली. गाठ मात्र त्यांनी खाली न बघता काढली, ती त्यांच्या हातातच होती. मग डोळ्यांपाशी येऊन थांबले.

"आराखड्यात उघडे आहेत," मी म्हटलं. सवय, दुसरं काय. जळो माझी जीभ.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "एवढं तरी माझ्या हातून होऊ द्या," ते म्हणाले, आणि त्यांनी पापण्या मिटवल्या. आधी उजवी, मग डावी.

मी सही केली. मुख्य स्टुडिओकडे वेळ उरला नव्हता की त्यांनाही काही वाटलं, देव जाणे, ते चित्र परत आलं नाही.

बुधवारी काका म्हणाले, "घरी चला. माझ्या एकट्याच्याने होणार नाही." त्यांनी काकूंना काहीच सांगितलेलं नव्हतं. रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज मूग गिळून परतायचे. सहाच्या ठोक्याला आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. काकूंनी माझी खुर्ची मुद्दाम पुढे ओढली. "इथून बसा, मागच्या रांगा नीट दिसतात." चष्मा पदराने पुसून त्या सरसावून बसल्या.

स्टेशन आलं. गर्दी आली. चष्मा उतरला.

"दिसली!" काकूंनी टाळी वाजवली. "अहो, बघितलीत का? दिसली!"

गाठवाली चालू लागली. गर्दी मागे पडली तरी ती पडद्यावरच होती. एरवी डोळ्यांचं पातं लवेपर्यंत दिसणारी ती मुलगी गल्लीमागून गल्ली चालत होती आणि काकूंच्या तोंडावरचा आनंद मला बघवेना. "अगबाई, आज किती वेळ दाखवतायत," त्या म्हणाल्या. काका जमिनीकडे बघत होते.

टाकीचं झाकण उचललं गेलं. चेहरा आला. चष्मेवाला त्याचं ते वाक्य बोलला, संगीत वाजलं, नावं धावू लागली.

"डोळे तुम्ही मिटलेत ना?" काकूंनी विचारलं.

"हो."

"बरं केलंत."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "कुठे आहे हो ही टाकी?"

"कुठेच नाही, काकू. ते नुसतं चित्र आहे."

"चित्रच तर होती इतकी वर्षं," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. आठ वर्षांचं रडणं एकदम आलं. काका त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तेही रडले. पोलिसांनी जे सांगितलं नाही, कुणा जाणत्याने सांगितलं नाही, ते एका लेखकाने सांगून टाकलं होतं, आणि त्याच्या हाती ते मी दिलं होतं. ठकू खरंच आहे की नाही, हे आजही कुणाला माहीत नाही. पण त्या घरात त्या संध्याकाळी ती गेली.

आता चौथं पर्व सुरू आहे. काका रजा न घेता येतात, रबरबँड चढवतात, कामाला लागतात. माणसं जन्माला घातल्याचा हिशेब सांगत नाहीत. काचेवरचं ते पत्र कधी काढलं ते मला कळलं नाही. काकू बुधवारी टीव्ही लावत नाहीत.

काल त्यांनी चौकातल्या मोर्चाचं चित्र दिलं. तीनशे माणसं. मी भिंग घेऊन बसले आणि एकेक रांग तपासली. तिसऱ्या रांगेपासून शेवटपर्यंत एकालाही डोळे नव्हते. मग एकेक खांदा पाहिला, आधी सगळे डावे, मग सगळे उजवे. जेवायची सुट्टी झाली, संपली, तरी मी पाहतच होते. काका समोरून म्हणाले, "बाई, काही चुकलंय का?"

"नाही," मी म्हटलं. एकही चूक नव्हती, आणि सही करायला माझा हात होईना.